सलूकींच्या अंगावरचा चीक

नवरा दोन कुत्रे घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "अरबाबांचे आहेत," तो म्हणाला. "उन्हाळाभर आपल्याकडे राहतील. ते युरोपला चाललेत आणि कुत्रे सांभाळणारा माणूस सुट्टीवर गेलाय."

अरबाब म्हणजे त्याच्या कंपनीचा मालक. नवरा तिथे अकाउंट्स बघतो. इथे अमिरातीत, अल ऐनला आल्यापासून त्याची ही एकच नोकरी.

"अहो, मला विचारलंत का?"

"अगं, अरबाबांनी स्वतः सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? व्हिसा त्यांच्याच हातात आहे."

व्हिसा हा शब्द आला की आमच्या घरातली सगळी भांडणं मिटतात. सोफ्यावरून उडी मारून आलेली माझी नऊ वर्षांची मुलगी तोवर एका कुत्र्याच्या गळ्यात पडलीही होती. "मम्मा, दे आर सो स्किनी! कॅन वी कीप देम?"

कुत्रे शिकारी जातीचे, सलूकी. हडकुळे, लांब पायांचे, कानांना आणि शेपटीला रेशमासारखे झुपके. यांना नुसतं कुत्रा म्हटलेलं इथल्या लोकांना आवडत नाही, हे नवऱ्याने पहिल्याच संध्याकाळी मला बजावलं. खरी शिकार आता बंद आहे. म्हणून गाडीमागे नकली हरीण बांधून ह्यांना पळवतात आणि शर्यती लावतात. "रोज पळवलं नाही तर बिघडतील. सकाळचं मी बघतो," तो म्हणाला.

त्याचं बघणं असं. पहाटे फुल शर्ट घालायचा, कुत्र्यांना गाडीच्या डिकीत बसवायचं, आमच्या व्हिलांच्या मागच्या मोकळ्या वाळवंटात न्यायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. आला की दोघांना अंगणात सोडून तो आंघोळीला पळायचा, कारण ऑफिसला उशीर. त्यांच्या अंगावरची वाळू, काटे, चिकटलेला कचरा काढायचं काम माझं. ओल्या फडक्याने कान पुसायचे, झुपके बोटांनी सोडवायचे, पंजे धुवायचे. तसेच घरात आले तर सगळी फरशी वाळूने भरते. ती पुसणारीही मीच.

थोड्याच दिवसांत माझ्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. आधी बारीक, मग लाल चट्टे, मग पाण्याचे फोड. कोपरापर्यंत आग व्हायची. गळ्याशी हात लागला की तिथेही उठायचं. फार्मसीतून मलम आणलं, काही झालं नाही. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने लांबूनच बघितलं आणि खरूज म्हणून सांगितलं. सगळ्या घराने औषध लावायचं, चादरी गरम पाण्यात धुवायच्या, कोणाला हात लावायचा नाही.

आम्ही सगळ्यांनी औषध लावलं. नवऱ्याला काहीच झालेलं नव्हतं. त्याने कपाळाला आठ्या घालून मान ते पाय ते मलम चोळलं आणि म्हणाला, "तुझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे. तू तो भांड्यांचा साबण बदल."

माझी सेन्सिटिव्ह स्किन! चिपळूणला असताना मी आंब्याचा चीक हातावर घेऊन वाढले, शेणाने अंगण सारवलं. तेव्हा कुठे गेली होती ही स्किन?

आमच्या शेजारी रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं. त्या घरातली आपा आणि मी एकमेकींकडे वाट्या पाठवतो. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा येतो, गणपतीत माझ्याकडून मोदक जातात. मी खरूज हा शब्द तिला सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी तिची मुलं खेळायला आली नाहीत. वाटी परत आली ती दारातच ठेवलेली, बेल न वाजवता. मी तिला दोष दिला नाही. लहान मुलांची आई आहे ती. पण ती वाटी उचलताना मला राग आला, आणि तो नक्की कुणावर आहे हे तेव्हा मला कळत नव्हतं.

मग मुलीच्या उजव्या गालावर पुरळ आलं. शाळेच्या नर्सने तिला वर्गातून बाहेर काढून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"दे सेड आय ॲम डर्टी," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"एव्हरीवन."

तिला घेऊन घरी येईपर्यंत आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आलेला होता. नाव घेतलं नव्हतं, पण 'काही घरांत प्राणी आणि अस्वच्छता' असे शब्द होते. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझं घर इतकं लख्ख असतं की नवऱ्याचे मित्र चपला काढताना बिचकतात. त्या इमोजी बघून मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

त्या दुपारी मुलगी कुत्र्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपली होती. उजवा गाल त्याच्या कानाच्या झुपक्यावर. मी तिथेच थांबले. पुरळ फक्त उजव्या गालावर होतं. मी वाकून तो झुपका हातात घेतला. केस एकमेकांना चिकटून राठ झाले होते, काही ठिकाणी पांढरट थर सुकलेला. चिकट. मुलीला उठवून मी तिचं तोंड धुतलं, माझ्या गाडीची किल्ली घेतली आणि तिला बरोबर घेऊन व्हिलांच्या मागे गेले. कुठे पळवतात हे मला नीट माहीत नव्हतं, पण गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. त्या धरून गेले.

खुणा जिथे संपत होत्या तिथून पुढे सगळी रुई होती. माणसाच्या उंचीची, जाड पानांची, जांभळ्या फुलांची रुई. मारुतीला जिचा हार घालतात ती. तिच्यातून कुत्रे भरधाव पळून पळून वाट पडली होती, फांद्या मोडलेल्या, आणि मोडलेल्या टोकांवर पांढरा चीक गोठलेला. लहानपणी शनिवारी पानं तोडताना आई माझा हात धरून ठेवायची, चीक डोळ्यात गेला तर आंधळी होशील म्हणायची. इथे रोज सकाळी दोन कुत्रे तो चीक अंगावर माखून घेत होते, आणि मी माझ्या बोटांनी तो पुसून काढत होते.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या मी विचारलं, "रुईत सोडता तुम्ही त्यांना?"

"रुई? असेल. मी कुठे झाडं बघत बसतो?"

"मग काय बघता?"

"गाडीत बसतो. बाहेर उकाडा किती असतो." वर म्हणाला, "फोनवर मार्केट बघतो तेवढ्यात."

ए.सी. लावून गाडीत बसायचा! मी म्हटलं, उद्याच्या उद्या कुत्रे परत करा. तर पुन्हा तेच, अरबाब, नोकरी, व्हिसा. "जरा ॲडजस्ट कर, ग्लोव्हज घाल. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

आमचं हे चाललं होतं तेवढ्यात मुलगी बेडरूममधून आली. एक डोळा लाल, सुजलेला. "मम्मा, द लाइट हॅज रिंग्ज अराउंड इट."

हॉस्पिटलला जाताना गाडी मी चालवली. नवरा मागे तिचा हात धरून बसला होता आणि सारखा म्हणत होता, "काही नाही होणार, काही नाही होणार." मी आरशात त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही. इमर्जन्सीतल्या केरळच्या डॉक्टरीणबाईंनी कितीतरी वेळ डोळ्यात पाण्याची धार सोडली. मग दिवा लावून तपासलं. मी त्यांना रुईचं सांगितलं, माझे हात दाखवले. त्या म्हणाल्या की हे खरूज नाही, चिकाने भाजलंय. कुत्र्याच्या केसांवरून तो चीक हाताला, गालाला आणि आता डोळ्याला लागलाय. बुबुळाला सूज होती. थेंब दिले, डोळा बहुतेक पूर्ण बरा होईल म्हणाल्या. बहुतेक! त्या एका शब्दावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर मी मुलीला आपाकडे सोडलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते दारातच सांगितलं. तिने मुलीला आत ओढून घेतलं. मी फुल बाह्यांचा कुर्ता आणि भांड्यांचे ग्लोव्हज घातले, कुत्र्यांना डिकीत बसवलं आणि अरबाबांच्या शेतावर गेले. मालक परदेशात, तेव्हा कुत्रे तिथल्या एखाद्या कामगाराच्या ताब्यात देऊन यायचं ठरवलं होतं.

शेतावर खजुरांच्या सावलीत स्वतः अरबाब कॉफी पीत बसले होते. पांढरी दाढी, पायात साध्या चपला. कुत्र्यांनी त्यांना बघून उड्या मारल्या. शेजारी पाण्याची बादली घेऊन एक माणूस उभा होता, तो कुत्रे सांभाळणारा. सुट्टीवर गेलेला तोच.

इथल्या जुन्या माणसांना हिंदी येतं. अरबाब म्हणाले, "क्यों वापस लाया? बच्चे का दिल भर गया?"

"आपने संभालने को दिया था ना? आप युरोप..."

"कौन युरोप? मैं इधर है." ते हसले. "तुम्हारा आदमी बोला, मेरा बीवी-बच्चा को सलूकी बहुत पसंद, थोड़ा दिन घर ले जाऊँ? मैं बोला, लेडीज को मुश्किल होगा. वो बोला, नो प्रॉब्लम अरबाब, मेरा बीवी सब करेगा."

मेरा बीवी सब करेगा.

मी ग्लोव्हज काढून हात पुढे केले, मुलीच्या डोळ्याचं सांगितलं. ते एकदम उभे राहिले. "अश्खर में छोड़ा? सलूकी को अश्खर में? इसका आँख चला जाएगा!" अश्खर म्हणजे आपली रुई. त्यांनी आधी दोन्ही कुत्र्यांचे डोळे उघडून बघितले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बच्ची कैसा है?" हा क्रमही मी विसरलेले नाही. नंतर त्यांनी खरंच चौकशी केली, ड्रायव्हरबरोबर खजूर पाठवले, डॉक्टरचा खर्च देऊ केला. मी तो घेतला नाही.

नवरा घरी आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"तू खोटं बोललास," मी म्हटलं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. 'खोटं बोललास' या शब्दांपेक्षा तो 'तू'नेच जास्त दचकला.

बराच वेळ त्याने काहीबाही सांगितलं. मग खाली बसला आणि म्हणाला, "ऑफिसात सगळे त्यांच्या पुढेपुढे करतात. कोणी गाडी धुवून आणतं, कोणी गावाकडून आंबे आणतं. त्यांना माझं नावसुद्धा नीट येत नव्हतं. वाटलं, कुत्र्यांमुळे तरी ओळखतील."

"मग स्वतः पुसायचंस त्यांना. स्वतःचे हात घालायचेस."

मी त्याला तीन कामं सांगितली. शाळेत जाऊन मुलीच्या वर्गशिक्षिकेला समोरासमोर सांगायचं, आपाच्या नवऱ्याला सांगायचं, आणि आयांच्या ग्रुपवर माझ्या फोनवरून स्वतः लिहायचं. पहिली दोन त्याने केली. ग्रुपवर त्याने लिहिलं, 'कुत्र्यांमुळे ॲलर्जी झाली होती, आता बरं आहे.' मी ते पाठवू दिलं नाही. त्याला पुन्हा लिहायला लावलं: मी कुत्रे बायकोला न विचारता आणले, मी त्यांना विषारी झाडांत मोकळं सोडलं, माझ्या बायको-मुलीला कोणताही संसर्ग नाही. तो टाइप करत असताना मी खांद्यावरून वाचत होते. त्याचे कान लाल झाले होते.

मुलीचा डोळा बरा झाला. माझ्या हातांवर काळसर डाग राहिलेत. कुत्रे गेले म्हणून मुलगी दोन दिवस रडली. आता महिन्यातून एकदा मी तिला फुल बाह्यांचा शर्ट घालून शेतावर नेते. तिथला तो माणूस आधी कुत्र्यांना आंघोळ घालतो, मगच तिच्या हातात पट्टा देतो. नवरा येत नाही. मी त्याला बोलवतही नाही. आम्ही बोलतो, जेवतो, गावी फोन करतो, आणि मी त्याला परत अहो म्हणते, कारण घरात मुलगी ऐकते.

परवा एका मराठी मंडळींच्या जेवणात कुणीतरी माझ्या हातांवरच्या डागांबद्दल विचारलं. नवरा पटकन म्हणाला, "कुत्र्यांमुळे झालं."

"कुत्र्यांमुळे नाही," मी म्हटलं, आणि सगळ्यांसमोर, पहिल्यापासून सांगायला लागले.