काकांचं खोडरबर

कोल्हारच्या स्टँडमागे संगणक दुरुस्त करणारे एक काका शर्टाच्या खिशात शाळकरी खोडरबर ठेवतात. बंद पडलेला संगणक आला की ते आधी बटण दाबून, कान देऊन त्याची पीं-पीं ऐकतात. मग रॅमची, म्हणजे संगणकाच्या स्मरणशक्तीची, पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबरने घासतात. "इसरलंय बिचारं, मेलं न्हाई," हे ठरलेलं वाक्य.

माझा जुना संगणक बंद पडला तेव्हा एमएचा प्रबंध परवावर आला होता आणि शेवटचं प्रकरण राहिलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काकांनी पट्टी तीनदा घासली, तरी पीं-पीं थांबेना.

"गेली ही," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं आणि दुकानातल्या स्वतःच्या संगणकातली पट्टी काढून माझ्या संगणकात बसवली.

"काका, आणि तुमचं काम?"

"माझ्या मशीनची काय परीक्षा हाय व्हय? जा, लिही."

प्रबंध देऊन मी पट्टी परत द्यायला गेलो. "काका, आभाराच्या पानावर तुम्हालाही घातलंय. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'संगणकवाले काका' लिहिलं."

"असं व्हय? मग ह्या पट्टीलाबी चिकटलं असंल त्ये नाव, पुसाय पायजे," म्हणत त्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि पट्टी घासायला घेतली.