आठशे कारकून, एक दुकान

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सतरा वर्षं एकच काम करत होती, आणि त्याबद्दल कोणी तिचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. कंपन्यांच्या कारभाराचं सॉफ्टवेअर तयार झालं की गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी ते तिच्या टेबलावर यायचं. एकट्यादुकट्याने वापरलं तर कुठलंही सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागतं. एकाच वेळी शेकडो माणसं त्यावर तुटून पडली तर ते किती वेळात उत्तर देतं, हे ती पाहायची. ही शेकडो माणसं खोटी, तिनेच संगणकात उभी केलेली. उशीर झाला की कुठे अडतंय ते शोधायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा मोजायचं. आकडा पटल्याशिवाय ती सही करत नसे, म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं ‘ब्रेक’.

“काय ब्रेक, आज तरी गाडी सुटू देणार का?” लोक विचारायचे.

“आधी चाकं बसवलीत का?” ही म्हणायची.

तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही. जेवताना कामातलं सगळं सांगायची, त्यामुळे सर्व्हर म्हणजे काय हे या वयात मलाही थोडंफार कळू लागलं.

गेल्या वर्षी औषधांच्या एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याचं काम आलं. आठशे कारकून गावोगावच्या दुकानांकडून फोनवर मागणी घेणार. दुकानाचा नंबर टाकला की तीन सेकंदांच्या आत त्या दुकानाची माहिती आणि गोदामातला साठा पडद्यावर यायला हवा, अशी अट होती. पहिल्या चाचणीत अकरा सेकंद लागले. पाच आठवडे खपून तिने ते सहावर आणले, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. घरी आली की हात न धुताच जेवायला बसायची. मीठ विसरलं तरी तिच्या लक्षात येत नसे.

मग एका शुक्रवारी दुपारीच तिचा फोन आला. “मावशी, दोन पॉइंट चार!” त्या दिवशी सकाळी तिने एक नवी सूची जोडली होती, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, माहिती पटकन सापडावी म्हणून. त्या सूचीमुळेच हे झालं, असं तिने धरलं. ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेब म्हणाले, “ब्रेकने स्वतःच हिरवा दिवा दाखवला!” तिने सही केली. पुढच्या बुधवारी सॉफ्टवेअर सुरू व्हायचं ठरलं.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन रिपोर्टची पुरवणी लिहीत होती. मी भाजी निवडत होते. एकाएकी ती पडद्यावरचं एकच पान पुन्हा पुन्हा खाली-वर करू लागली.

“काय गं?”

“सगळ्यांनी एकच दुकान मागितलंय, मावशी.”

गुरुवारी चाचणीचं मशीन साफ करताना खोट्या कारकुनांनी मागायच्या दुकानांची यादी पुसली गेली होती. शुक्रवारी, सगळं नीट चालतंय का हे नुसतं बघायला, तिने यादीच्या जागी एकाच दुकानाचा नंबर घातला. तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं. परत येऊन तिने तसंच मुख्य चाचणीचं बटण दाबलं. आठशे गिऱ्हाइकांनी दिवसभर एकच डबा मागितला तर दुकानदार तो पुढ्यातच काढून ठेवील, पुन्हा पुन्हा शिडी कशाला चढेल? सॉफ्टवेअरनेही तेच केलं होतं. तिने यादी परत घालून घरूनच पुन्हा मोजलं. पाच पॉइंट आठ. नव्या सूचीने जवळजवळ काहीच केलं नव्हतं.

“नवशिक्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते, की प्रत्येकाला वेगळं दुकान द्या,” ती म्हणाली, आणि तोंड झाकून बसून राहिली.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “रिपोर्ट वर गेलाय. तारीख दिलीय. सहा सेकंदांनी काय आभाळ कोसळतंय? पुढच्या महिन्यात गुपचूप सुधारू. आता ब्रेक मारू नकोस.”

“लेखी दिलंस का?” रात्री जेवताना मी विचारलं.

“लेखी दिलं तर त्यांच्यावर येईल. घोळ मी घातलाय.”

“घोळ तुझा, पण झाकायला ते निघालेत!”

ती ताटावरून उठून गेली.

बुधवारी साडेदहापर्यंत सहाचे चाळीस सेकंद झाले. पडदा हलेना म्हणून कारकून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते, आणि दर दाबण्यागणिक रांग वाढत होती. दुपारी सगळं बंद करावं लागलं. गुरुवारी मी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, “आजी, वरून मालच नाही. कंप्युटर बसलाय म्हणे. इन्सुलिनवाले पण परत चाललेत.” घरी येऊन मी तिला गोळ्या मिळाल्या असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

शुक्रवारी चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडे चार वरिष्ठ आणि त्यांच्या कडेला साहेब.

“ही सही तुमची?”

“माझी.”

“आकडा खोटा होता?”

“चुकीचा होता.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“रविवारी.”

“मग कोणाला सांगितलंत?”

तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी समोरचे कागद चाळायला घेतले. ती म्हणाली, “सांगायला हवं होतं.”

“असं का म्हणालीस?” ती घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

“त्यांनी बोलावं म्हणून थांबले होते मी. ते बोलले नाहीत, मग मलाही बोलवेना.”

त्याच दिवशी तिला काढून टाकलं. तीन आठवड्यांनी साहेबांचाच फोन आला, चार दिवस येऊन जा, कोणाच्या बापाला काही कळत नाहीये. मी म्हटलं, “जाशील तर याद राख.”

“मावशी, दुकानं अजून कागदावर मागण्या लिहितायत,” ती म्हणाली आणि गेली.

चौथ्या दिवशी खरी गाठ सापडली. साठा मोजणारा भाग दर वेळी अख्खं गोदाम धुंडाळत होता. तिने तो बदलला. आठशे कारकून, आठशे वेगवेगळी दुकानं, दोन पॉइंट आठ. तीनदा मोजलं. रिपोर्टवर सही तिच्या जागी आलेल्या बाईंनी केली. हिला दारापर्यंत सोडायला कोणी उठलं नाही.

त्याला सात महिने झाले. मुलाखतीत विचारतात, आधीची नोकरी का सोडली? ती सगळं सांगते, फक्त साहेबांचं सोडून. मग फोन येत नाही. परवा मी म्हटलं, “अगं, निदान एवढं तरी सांग की तू आधी सांगितलं होतंस.”

“आता कोण विश्वास ठेवणार, मावशी? माझ्या सहीचा आकडा चुकला होता.”

ती दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी चहा नेऊन ठेवते आणि थंड झालेला कप परत आणते.