उजव्या बाजूचा क्लीनर

गाडी कुठल्या कंपनीची होती ते मी सांगणार नाही. तसल्या गाड्यांवर जीव टाकणारे लोक जगभर पसरलेले आहेत, आणि मी तिचं सुरुवातीला काय काय केलं ते त्यांना कळलं तर ते पत्ता शोधत आमोण्यापर्यंत येतील. एवढंच सांगतो की ती विलायती होती, दोन माणसांची, बिनटपाची, माझ्या कमरेइतकी उंच, आणि नुसत्या वेगासाठी बनवलेली. आम्हाला मिळाली तेव्हा ती हळर्णच्या एका गोठ्यात कित्येक वर्षं उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती.

शोध माझ्या मुलीचा. ती पेडण्याकडच्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासते. गोळी वजनाला केसभर कमी भरली तरी अख्खी खेप परत पाठवते, आणि घरी आली की आम्हाला तपासते. एकदा येताना तिची स्कूटर पंक्चर झाली. ती हळर्णच्या एका घरात पाणी प्यायला गेली आणि गाडी पटकावून आली. त्या घरात एकटी आजी राहायची. गाडी तिच्या दिराची, तो बोटीवर कामाला होता. त्याने परदेशातून आणली, चार वर्षं मिरवली आणि तो वारला. आजीने गाडी फुकट दिली, पण गोठा झाडून द्यायचा आणि गाडी चालू झाली की एकदा दाखवायला आणायची, असं कबूल करून घेतलं. ‘‘बेगीन करा,’’ ती म्हणाली, म्हणजे लवकर करा. नव्वदीला टेकलेली बाई होती, त्यामुळे त्या ‘बेगीन’ला वजन होतं.

मी टिपरवाला. उमेदीची सगळी वर्षं खाणीवरून नदीच्या धक्क्यावर खनिज वाहिलं. खाणी बंद पडल्यापासून माझा टिपर अंगणात उभा होता, त्यालाच काम मिळालं. बांधाला टिपर लावून, फळ्या टाकून आम्ही ती गाडी वर चढवली. घरी पोहोचलो, टिपर मागे घेतला, आणि सवयीने माझा हात हौदा उचलायच्या लिव्हरवर गेला. मुलगी दोन्ही हात पसरून समोर धावली नसती तर ती ऐतिहासिक गाडी मी खनिजासारखी अंगणात ओतली असती. ताडपत्री काढली तर सीटवर कोंबडी बसलेली. ती हळर्णहून आमोण्यापर्यंत आमच्याबरोबर आली होती आणि तिला प्रवासाचं काही विशेष वाटलेलं दिसत नव्हतं.

माझी बायको दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. ‘‘चेडवाचा लगीन जुळवूचा सोडून बापूस गाडी जुळवता,’’ ती कोंबडीला उद्देशून म्हणाली आणि तिला घेऊन आत गेली. कोंबडी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर होती.

कामाला लागलो आणि पहिल्या आठवड्यातच आमचं वाजलं. मुलगी प्रत्येक नट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि वर चिठ्ठी लावायची. मी सगळे नट एका डालड्याच्या डब्यात टाकणारा माणूस. तिच्याकडे एक पाना होता, ठरलेला जोर लागला की तो ‘टक्’ असा आवाज करायचा. मी तिला सांगितलं की माझ्या मनगटात तो ‘टक्’ लहानपणापासून आहे. मी इंजिनाचा एक बोल्ट मनगटाने आवळून दाखवला आणि त्याची मान तुटून माझ्या हातात आली. मुलीने ती तुटकी मान पिशवीत घातली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘बाबांचं मनगट’. ती पिशवी अजून खिडकीत टांगलेली आहे.

तरीही मी सुधारलो नाही. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी मला फारच नाजूक वाटल्या. टिपरला आम्ही ओझं पेलायला कमानीत जास्तीचा पाटा घालतो, तसा मी एका भंगार जीपचा पाटा कापून गुपचूप आत बसवला. मुलगी कामावरून आली तर गाडी मागून वर झालेली, पाण्यात चोच घातलेल्या बदकासारखी.

‘‘बाबा, हो पाटो कोणी घातलो?’’

‘‘मियां.’’

‘‘कित्याक?’’

‘‘रस्ते बघलंस मां?’’

‘‘ह्या गाडयेत माल भरूचो नाय आसा.’’

पाटा मलाच काढायला लावला. तो काढताना मी तिला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या, आणि खरं सांगायचं तर तितकाच खूशही होतो. खाणी बंद झाल्यापासून मला कोणी चूक सुद्धा करू दिली नव्हती. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडून चूक होणार तरी काय?

आता एक महत्त्वाची गोष्ट. गाडीचं स्टीअरिंग डाव्या बाजूला होतं. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने जातात, म्हणजे हिचा ड्रायव्हर गटाराच्या बाजूला बसणार. पुढे ट्रक असेल तर त्याला त्या ट्रकच्या पाठीशिवाय काहीच दिसणार नाही. समोरून कोण येतंय ते उजव्या सीटवरच्या माणसाने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. मुलीला ही मोठी अडचण वाटली. मला वाटली नाही. मी म्हटलं, यात काय आहे, क्लीनर लागतो. मी ड्रायव्हर, तू क्लीनर.

क्लीनरचं काम मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी मी दोडामार्गापलीकडच्या गावातून डिचोलीला आलो तो क्लीनर म्हणूनच. दाराला लटकायचं, रस्ता बघायचा आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकदा मी दोन मारायच्या जागी एकच मारली तर ड्रायव्हरने उतरून तीच थाप माझ्या पाठीत मारली. पुढे मी ड्रायव्हर झालो त्या दिवशी ठरवलं की परत त्या बाजूला बसणार नाही. माझ्या हाताखाली इतके क्लीनर येऊन गेले, पण एकाच्याही थापेवर मी भरवसा ठेवला नाही. थाप ऐकायची आणि मग स्वतःची मान बाहेर काढून बघायचं, ही माझी पद्धत. पोरांना अपमान वाटायचा. वाटू दे, म्हणायचो. मुलीलाही मी गाडी शिकवली नाही. मला बघवलंच नसतं. ती डिचोलीच्या शिकवणीत जाऊन शिकली आणि परवाना आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

दीड वर्षाने इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी काळा धूर, मग पांढरा, मग कोंबडी उडाली, आणि मग असा आवाज आला की मी उभ्या उभ्या रडलो. मुलगी पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत धूर गेला असं मी सांगितलं नाही, कारण तिने ते तपासलं असतं.

राहिला होता रंग. गाडी मुळात दुधाच्या सायीच्या रंगाची होती. उजवं दार गंजून गेलं होतं, ते आम्ही नवं करून घेतलं. ती कामावर गेली असताना रंग मीच मिसळला, अंदाजाने, आणि दार रंगवून टाकलं. झकास जुळला होता. संध्याकाळी ती आली, दाराकडे बघितलं, मग आईला हाक मारली. आई आली, तिनेही बघितलं.

‘‘दाराचो रंग वेगळो आसा,’’ मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, उन्हाचा फरक आहे. बायको म्हणाली, ऊन कधीच गेलं. मी म्हटलं, दोघींच्या डोळ्यांत काहीतरी झालंय, दाखवून घ्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय तिथेच सोडला. आमच्या घरात विषय सोडला म्हणजे धोका असतो हे मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी कदेलीवर, म्हणजे माझ्या रोजच्या खुर्चीवर, बसून चहात पाव बुडवत होतो. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, डावो डोळो झाका आनी कॅलेंडरार म्हयनो कसलो आसा ता वाचा.’’ मी रुबाबात महिना वाचला, वर त्या महिन्यातले सणही सांगितले. ती उठली आणि मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली. पान तिने आदल्या दिवशीच उलटून ठेवलं होतं. मी चालू महिना पाठ म्हणून दाखवला होता.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलाय, डावा अर्धा. मला ते बरेच महिने कळत होतं. लपवत होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली काहीच नाही, असं जो तो सांगतो, पण सांगणाऱ्याचा डोळा नसतो. मी घाबरलो होतो. आणि त्याहून मोठी भीती दुसरी होती. काही बिघडलं आणि स्टीअरिंग कायमचं सुटलं तर मी कोण? म्हणून मी हट्ट धरला की आधी गाडी हळर्णला नेईन, मग डोळा. आधी डोळा, असं मुलगी म्हणत होती. आठवडाभर आम्ही बायकोमार्फत बोललो. मग हळर्णहून निरोप आला की आजीने अंथरूण धरलंय आणि ती गाडीचं विचारतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी जाऊन डाव्या सीटवर बसली. चावी तिच्याकडे होती. ‘‘तुमी थंय बसा,’’ ती म्हणाली आणि उजव्या सीटकडे बोट दाखवलं. मी अंगणात बराच वेळ उभा राहिलो. टिपरकडे पाहिलं. मग बसलो. बसलो कसला, त्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो.

अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत माझे पाय नसलेला ब्रेक दाबत होते. ती बरी चालवत होती, हे जास्त झोंबत होतं. धारगळच्या अलीकडे पुढे चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक लागला, बैलगाडीच्या चालीने जाणारा, आणि त्याच्या मागे आम्ही त्याच्या चाकांच्या उंचीवर.

‘‘बाबा,’’ तिने ट्रकवरची नजर न काढता विचारलं, ‘‘रस्तो रिकामो आसा?’’

मी मान बाहेर काढली. पुढे उजेड होता. त्या उजेडात काहीतरी हलत होतं. गाडी असेल, झाड असेल, काहीही असेल. ‘हो’ म्हणणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. महिनोन्‌महिने मी तेच म्हणत आलो होतो. पण शेजारी माझी मुलगी बसली होती. हात आपोआप बाहेर गेला आणि मी दारावर एक थाप मारली.

‘‘माका दिसना नाय,’’ मी म्हटलं. ‘‘रव.’’

तिने गाडी जराही पुढे काढली नाही. धारगळला आत वळेपर्यंत आम्ही त्या चिऱ्यांची धूळ खात मागोमाग गेलो, आणि वेगासाठी बनवलेल्या त्या गाडीला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. थोड्या वेळाने मी विचारलं, ‘‘माका दिसना नाय ता तुका म्हायत आसा. मगे इचारलंस कित्याक?’’

‘‘तुमी खरा सांगतात काय ता बघूक. मी तशीय गाडी पुढे काढणारच नाय होतंय.’’

‘‘आनी खोटा सांगलं असतंय तर?’’

‘‘तर चावी तुमका कधीच गावली नसती.’’

बाकीच्या रस्त्यावर मी हात मांडीवर ठेवून बसलो. तिने मला गोळीसारखं तपासलं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही.

हळर्णच्या आजीला शेजारच्या दोघांनी धरून ओट्यावर आणलं. तिने गाडीकडे खूप वेळ पाहिलं. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. तिने आधी वेगळ्या रंगाच्या दाराकडे बघितलं, मग सीटकडे, मग माझ्याकडे.

‘‘माझी कोंबडी खंय?’’ तिने विचारलं.

अंथरुणातून ती गाडीचं विचारत होती ते का, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढच्या सोमवारी माझा उजवा डोळा झाला, महिन्याभराने डावा. पट्टी काढून घरी आलो तर अंगणात पहिलं ते दार दिसलं. सगळी गाडी सायीची आणि दार चुन्यासारखं पांढरं फटक. ते दार मी हळर्णपर्यंत मिरवत नेलं होतं. मुलगी म्हणाली, रंग बदलू. मी म्हटलं, असू दे.

डॉक्टरांनी कागद दिला, परवाना नवा झाला, आणि मुलीने चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. कोंबडी पोचवायची होती. मी डाव्या सीटवर बसलो, मुलगी उजवीकडे, मांडीवर कोंबडीची टोपली. धारगळच्या अलीकडे पुन्हा एक ट्रक आडवा आला, या वेळी गवताचा. मला गवताशिवाय काही दिसेना. मुलीने एका हाताने टोपली धरली, मान बाहेर काढली, वेळ घेतला, आणि पांढऱ्या दारावर एक थाप मारली. मी थांबलो. समोरून एक बस गेली. मग दोन थापा आल्या.

मी गिअर बदलला आणि गाडी काढली. मान बाहेर काढून बघितलं नाही.