माजी कर्नेलांची सभा

आमच्या सापगावच्या विहारात अभ्यासिका आहे आणि अभ्यासिकेत एक संगणक. फुकट मिळतं म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि अपडेट करायचं काम त्याचं त्यालाच सोपवलं. ते भलतंच इमानदार निघालं. थोड्या थोड्या दिवसांनी नवं कर्नेल, म्हणजे यंत्राचा मुख्य कारभारी, आणून बसवायचं. जुन्याला मात्र घरी पाठवायचं नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही, कारण आमच्या कमिटीचीही हीच रीत. अध्यक्ष बदलतो, पण उतरलेला माजी अध्यक्ष म्हणून पहिल्याच रांगेत बसतो. हल्ली ती रांग दारापर्यंत आलीय.

एक दिवस संगणकातली कर्नेलं ठेवायची जागा भरून गेली. नवं अर्धंच आत शिरलं आणि यंत्र सुरू होईना. मी आधीच्या कर्नेलवर ते चालू केलं आणि सरळमार्गी माणसासारखं सेक्रेटरींना सांगितलं, की अडीअडचणीला एक जुनं ठेवू, बाकीची काढून टाकू. सांगितलं हेच चुकलं.

"सार्वजनिक वस्तू ती. ठरावाशिवाय काय काढायचं नाय," म्हणत त्यांनी अभ्यासिकेला कुलूपच घातलं.

सभा रविवारी संध्याकाळी भरली. दारात शेजारची मुलगी उभी होती. ती मुरबाडच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पोलीस भरतीचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, तिचे सगळे दाखले त्या संगणकात, आणि शहापूरची ऑनलाइनवाली दुकानं रविवारची बंद.

"एकच जुनं ठेवायचं," मी म्हटलं, तसे सगळे माजी अध्यक्ष सावरून बसले.

"कुठला एक?"

"शेवटचं."

नुकतेच उतरलेले होते ते खूश झाले. बाकीच्यांचे चेहरे पडले. सर्वांत वयस्कर माजी म्हणाले, "जुना झाला म्हणून काढायचा? विहारावर पत्रा कोनी घातला, इसरले काय?" दुसऱ्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. मी म्हटलं, काका, मी कर्नेलबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "तू कोनाबद्दल बोलतोस ते आमाला कळतंय." शेवटी माजींचीच उपसमिती नेमायचं ठरलं, आणि ती भातकापणी आटोपल्यावर बसणार होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात मुलीनं दारातूनच चावी मागितली.

"घाई काय गो? पुढल्या वर्षी भर," सेक्रेटरी म्हणाले.

"पुढल्या वर्षी माझं वय बसत नाय."

वयाच्या अटीचा विषय त्या सभेत पहिल्यांदाच निघाला होता. मग ते पत्र्यावाले माजी गुडघ्यांवर हात टेकून उठले. सेक्रेटरींकडून चावी घेतली, कुलूप काढलं, मुलीला संगणकापुढे बसवलं आणि मला हाक मारली.

"हिचा अर्ज जाऊ दे पयला. मंग सगळ्यात जुना मीच ना? माझ्यापासून काढायला घे."