कोंडा

विषाणूची बाधा झाली की रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्यांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर तोलणे, हे माझे काम होते. डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात मला एक तुकडा वारंवार आढळला. निरोगी रक्तात तो नव्हता. विभागाच्या सभेत मी तो पडद्यावर दाखवला. शेजारच्या टेबलावरचा माझा जुना सहकारी उठला.

"अँटिबॉडी नाही गा हे, तुह्या डोक्यातला कोंडा आहे!"

सभा हसली. आरोप अशक्य कोटीतला नव्हता. केसांत आणि कातडीत केराटिन नावाचे प्रथिन असते. त्याचा कण नळीत पडला, तर यंत्र तोही तोलते. निरोगी रक्ताचा आलेख मी पुढे केला, पण हसणाऱ्यांनी तो पाहिला नाही. प्रयोग थांबवण्यात आला. मला लोक कोंडा म्हणू लागले.

मी गांधीबागेतल्या न्हाव्यापुढे बसलो.

"पूर्ण काढ. मिशीही."

त्याचा हात थांबला. "कोण गेलं, काका?"

"कोणी नाही."

बातमी गावी, खाप्याला पोचली. वडिलांचा फोन आला. "काहून गा, मी मेलो का? जित्या बापाचं मुंडण करून राहिला!"

दुसऱ्या दिवशी मी तसाच सहकाऱ्यापुढे उभा राहिलो. "आता नळ्या तू भर. रुग्णाचं रक्त एकीत, निरोगी माणसाचं दुसरीत. सगळ्यांदेखत."

सभेत हसलेली मंडळी दारात जमली होती. त्याला नकार देता येईना. त्याचे केस दाट होते आणि त्यांवरून हात फिरवण्याची त्याला सवय होती. केस झाकायची टोपी मी त्याला दिली नाही.

केराटिन दोन्ही नळ्यांत निघाले. माझा तुकडा फक्त रुग्णाच्या नळीत होता.

"दोन्हीकडचा कोंडा तुहा," मी म्हणालो. "हा तुकडा अँटिबॉडीचा."

प्रयोग पुन्हा सुरू झाला. काही दिवसांनी सहकारी म्हणाला, "झालं ना गा आता. वाढव केस."

"सभेत उठून बोललास. सभेतच उठून शब्द मागे घे."

त्याने घेतला नाही. मी वस्तरा सोडला नाही.

पुढे मी निवृत्त झालो आणि वडील वारले. कन्हान नदीच्या काठी न्हावी माझ्या गुळगुळीत डोक्याकडे पाहत राहिला.

"तरी फिरव," मी म्हणालो.

सहकारी खाप्यापर्यंत आला होता. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अँटिबॉडीच होती गा ती."

"इथं नाही," मी म्हणालो. "सभेत."

तो अजून नोकरीत आहे. सभा दर महिन्याला भरते. मी रोज सकाळी वस्तरा फिरवतो.