श्रमदानाचा रस्ता

ब्राझीलमधल्या पुढाऱ्यांनी रस्त्यांचे पैसे खाल्ले, देश डबघाईला आला, असं परवा पेपरात वाचलं. नातू म्हणाला, "आजी, केवढा मोठा देश!" मी म्हटलं, खायला देश मोठा लागत नाही रे बाबा. आमचं गाव केवढंसं होतं, वर्ध्याकडच्या तळेगावच्या बाजारापासून दोन कोस आत. तेही पुरलं त्यांना.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बाबा गावात शाळामास्तर होते. बाजाराचा रस्ता श्रमदानाने करायचं आमच्या भागातल्या पुढाऱ्याने ठरवलं आणि माणसं जमवायचं काम बाबांवर टाकलं. बाबा घरोघर फिरले. "रस्ता आपलाच हाये, मजुरी कोनी मांगू नका," असं हात जोडून सांगत. त्यांच्या शब्दाखातर सगळं गाव आलं. आईनेही पदर खोचून मुरूम वाहिला. तळहात सोलून निघाले, तरी खुशीत होती बिचारी.

उद्घाटनाला वर्ध्याहून साहेब आले. भाषणात त्यांनी विचारलं, "मजुरी सगळ्यांना मिळाली ना?"

बाबा उठले. "कसली मजुरी, साहेब? लोकांनी श्रमदान केलं."

पुढारी जागचा हललासुद्धा नाही. पान चघळत म्हणाला, "काऊन गुरुजी, पैसे तर तुमच्याच हाती देल्ले होते. वाटले नाई काय?"

मेल्याच्या जिभेला काही हाड! सगळा मांडव बाबांकडे वळून पाहू लागला. चौकशी कोणी केली नाही. साहेब हार घेऊन निघून गेले.

मुरमाखाली दगड घातलेच नव्हते. दोन पावसाळ्यांत रस्ता वाहून गेला. कापूस न्यायला येणाऱ्या लॉऱ्या बंद झाल्या, दलाल म्हणेल त्या भावात तो गावातच विकावा लागे. एकेक घर नागपूरच्या गिरण्यांकडे निघालं. शेजारची काकू आईची जिवाभावाची, पण तीही निघताना आमच्या दाराकडे न बघता गेली.

त्या दुपारी बाबांना जेवायला वाढताना आई हळूच म्हणाली, "मी कोनाले सांगनार नाई. मले तरी खरं सांगा. घेतले होते काय तुमी?"

बाबा हातात घास धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग रडायला लागले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. आईला वाटलं, कबूल केलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली.