मोहाचं लहान झाड

मोहाचं लहान झाड मी कधी पाहिलेलंच नाही, हे मला आठवीच्या वर्गात फळ्यासमोर उभी असताना कळलं. परिसंस्थेचा धडा चालू होता. पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप असे बाण असतात. मुलांना आपल्याकडचं काहीतरी द्यावं म्हणून मी मोह काढला. फुलं आली की रात्री वटवाघळं येतात, फुलांचा गर खातात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. पुढे फळं खाऊन बिया लांब टाकतात. पावसात बी रुजतं, रोप होतं, असं म्हणत मी रोप काढायला गेले आणि खडू थांबला. माझं लहानपण मोहाखाली गेलं, पण डोळ्यांसमोर येत होती ती सगळी कवेत न मावणारी झाडं. रोप एकही नव्हतं.

मुलं वाट पाहत होती. मी कुठलं तरी रोप काढलं आणि पुढे गेले. जळगावच्या रहदारीतून पिंप्राळ्याच्या घरी येईपर्यंत डोक्यात तेच होतं. ज्या डोंगरावर फक्त म्हातारी झाडं आहेत, त्याचं पुढे काय होणार?

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरात. शेती पावसावरची. जंगलातले मोह सरकारी जमिनीवर असले तरी कोणतं झाड कुणाच्या घराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. फाल्गुनात पानं गळून जमीन झाकली जाते, आणि फुलं पडायच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाखालचा पाचोळा पेटवतं. जमीन काळी, स्वच्छ होते. पहाटे त्यावर पडलेली पिवळसर फुलं लांबून दिसतात, वेचायला सोपी जातात. लहानपणी ती आगीची रेघ सरकताना बघायला मला फार आवडायचं. आई आणि फुई, म्हणजे वडिलांची बहीण, दोघी त्या काळ्या जमिनीवर बसून वेचायच्या. माझी पुस्तकं, धुळ्याचं वसतिगृह, घराण्यातली पहिली पदवी, सगळं ती फुलं विकून आलं. म्हणून मोहाबद्दल मी कोरडेपणाने बोलू शकत नाही.

त्याच संध्याकाळी फुईला फोन केला. "फुई, आपल्या डोंगरावर मोहाचं रोप कुठे आहे का गं?"

ती हळूच म्हणाली, "तुले कोन्ही सांगं?"

रोप होतं. फुईने ते कुणाला दाखवलं नव्हतं. दिवाळीत गेले तेव्हा ती मला तिच्या झाडापलीकडे एका खडकाआड घेऊन गेली. गुडघ्याएवढं रोप, भोवती शेळ्यांसाठी काटेरी फांद्यांचं कुंपण. फुईचं सासर गावातलंच; तिचं मोठं झाड सासूकडून आलेलं. दरवर्षीच्या आगीने त्याचं बूड एका बाजूने खाल्लं होतं. त्या ढोलीत माणूस बसेल.

"मन्हं झाड पोकय व्हई गयं," ती म्हणाली. "हाई मन्ही नातनं झाड शे."

तिची नात तेव्हा साक्रीच्या शाळेत जायला लागली होती. फुईला तिच्यासाठी द्यायला दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "मग यंदा झाडाखाली आग लावायची नाही." जाळल्याशिवाय फुलं दिसणार कशी, असं तिने विचारलं. त्याचं उत्तर मी जळगावहून आणलं. केळीच्या रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट, एकाने टाकून दिलेली. फाल्गुनात आम्ही ती झाडाखाली पाचोळ्यावर अंथरली. फुई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय वं, मासा धराले उनी का?"

वरच्या बाजूचं झाड ज्यांचं, त्यांना गाव नाना म्हणतं. ते उतरून आले आणि फुईला म्हणाले, "तुन्ही भाची शायामा शिकाडस, आते झाडेसले बी शिकाडी का?"

"तुमले शिकाडी पाही, नाना. जमनं नही," फुई म्हणाली. नाना हसले, मीही हसले. जाळीवर पडलेली फुलं राखेची नव्हती, मातीची नव्हती. फुईने एक तोंडात टाकलं आणि मान हलवली. मी होळीची सुटी संपवून जळगावला परतले ती खुशीत. पण ती खुशी टिकली नाही. बाकीचे अजून पाचोळा पेटवतच होते. साक्रीकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला मी डोंगरावर धूर दिसला का, असं विचारायची. आठवड्याच्या शेवटी पुन्हा बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फुलं वेचत होतो. नानांच्या फुलांचा बहर उशिराचा, त्यांनी तेव्हा कुठे आपला पाचोळा पेटवला होता. दरवर्षीसारखीच घोट्याएवढी आग. ऊन चढलं आणि वारा फिरला. आगीची रेघ नानांच्या झाडाखालून निघाली आणि उतारावरून आमच्याकडे आली. इतर वर्षी ती आमच्या जळक्या जमिनीपाशी येऊन आपोआप विझायची. यंदा आमची जमीन जळकी नव्हती. जाळीखाली सबंध वर्षाचा पाचोळा जसाच्या तसा होता.

घोट्याएवढी आग कमरेएवढी झाली. जाळी वितळून पानांना चिकटली, तिच्या वासाने श्वास कोंडला. मी निरगुडीची फांदी तोडून झोडपू लागले. नाना धावत आले आणि हंड्यातलं पाणी ढोलीत ओतू लागले, कारण ढोलीतून धूर निघत होता. फुई झाडाकडे वळलीसुद्धा नाही. ती खडकाआड जाऊन गुडघ्यांवर बसली आणि रोपाभोवतीची पानं दोन्ही हातांनी मागे ओढू लागली. काटेरी कुंपण तिनेच घातलेलं, तेही वाळलेलं होतं. त्याने पेट घेतला तेव्हा मी तिला खांद्याला धरून मागे ओढलं.

आग खाली ओढ्याच्या दगडांत जाऊन मेली. मोठं झाड वाचलं. रोपाची पानं गेली आणि काडी काळी पडली होती.

नानांचा चेहरा राखेने माखला होता. "मी तं मन्ह्याच झाडखाले लाई व्हती," ते म्हणाले.

"आग काय तुमनं ऐकीसन उभी राहस?" फुई ओरडली.

"भाचीनी पानं राखी ठेयात, म्हणीसन इतली भडकनी!"

दोघंही खरं बोलत होते. जाळायचं नाही हे मी ठरवलं होतं, पण न जळलेल्या पाचोळ्याचं काय करायचं, याचा विचार ना मी केला होता ना फुईने. संध्याकाळी तिने मला चहा दिला. तिच्या बोटांना फोड आले होते. रोपाबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

उन्हाळाभर तो धीर झाला नाही. फोनवर आम्ही पाण्याबद्दल, नातीच्या शाळेबद्दल बोलायचो. पाऊस लागून बरेच दिवस झाले तेव्हा तिने आपणहून सांगितलं, "बुडमाईन फुटनं."

रोपाला बुडातून नवी फूट आली होती; मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या. नंतर मात्र झोप लागेना. मुळं जिवंत असली की मोह पुन्हा फुटतो, हे मी वाचलं होतं. म्हणजे डोंगरावर रोपं नव्हतीच असं नाही. ती दर पावसाळ्यात वर येत असतील आणि दर फाल्गुनात जळून पुन्हा जमिनीला मिळत असतील. गुडघ्याएवढं झालेलं ते रोप किती वेळा फुटलं असेल? आता ते परत वीतभर आहे.

नानांशी मी पोळ्याला बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पानं झाडायला माणूस द्या, मी काडी लावणार नाही. त्यांच्या वरच्या अंगाला आणखी झाडं आहेत, त्यांचे मालक काही बोललेले नाहीत. पानं झाडून खड्ड्यात टाकायची, तर ते काम काडी लावण्याइतकं सोपं नाही. फुईचे गुडघे दुखतात. फाल्गुनात माझ्या शाळेत परीक्षा असतात आणि रजा मागितली की कारण विचारतात. झाडलोट करायला जायचं आहे, असं कसं सांगू?

तरी खराटे आणून ठेवलेत, स्वयंपाकघराच्या दारामागे. यंदा आठवीला तोच धडा आला तेव्हा मी मोहाच्या बुडाशी वीतभर रोप काढलं, पानंही बरोबर काढली. माणसाचा बाण कुठून कुठे न्यायचा, तिथे मात्र अडखळले.

काल रात्री जेवताना फुईचा फोन आला. ख्यालीखुशाली न विचारता तिने थेट पानगळीचं सांगितलं.

"पानं गयाले लागनात," ती म्हणाली. "कव्हय येस?"